एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरचा खांब

बिही आमच्या दवाखान्यात आला तेव्हा त्याचा डावा हात धडधाकट दिसत होता. तळव्यावर कवडीएवढा काळा डाग आणि उजव्या टाचेला तसाच दुसरा, बाकी काही नाही. बाकावर टेकत तो म्हणाला, “लल्ला तामू, मला गुलमीमच्या इस्पितळात पाठव. हा हात जाणार.”

“गप्प बैस,” मी म्हटलं. “एवढ्याशा भाजण्यानं हात जात असते, तर आपल्या अइत ऊमान गावातल्या निम्म्या बायका थोट्या झाल्या असत्या.”

तो हसला नाही. वीस वर्षं तो वीजकंपनीत वायरमन होता. चूल बाहेरून भाजते, वीज आतून शिजवत जाते, हे त्याला ठाऊक होतं. मी परिचारिका, पण मला नव्हतं. पाचव्या दिवशी बोटं काळी पडली. नवव्या दिवशी गुलमीमच्या इस्पितळात कोपराखाली हात कापला. तो खांबावर असताना लाइनीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी न विचारता खटका वर करून वीज सोडली होती. चौकशी झाली, कागद रंगले. ते कुणीतरी कोण, हे कागदावर कधी आलं नाही.

त्यानंतर वर्षभर बिही भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी पट्टी बदलायला जायची तेव्हा त्याची बायको केल्तूम दारातच सांगायची, “जा, तुझ्याशी बोलला तर मलाही सांग. माझ्याशी बोलून त्याला सहा महिने झाले.”

एक दिवस ती अर्गानच्या झाडांची फळं वेचायला गेली आणि पाठीवरच्या टोपलीत गरुड घेऊन आली. विजेच्या खांबाखाली पडलेलं होतं. टोपली तिनं बिहीच्या अंथरुणाशी आदळली. मी तिथंच होते.

“मेलेलं कशाला उचलून आणलंस?” बिही म्हणाला.

“मेलेलं नाही ते. तुझ्यासारखंच आहे. पडून राहतं आणि डोळे वटारतं.”

बिही उठून बसला. टोपलीत वाकून त्यानं पक्ष्याचा पाय उलटा केला. पंजाच्या तळाशी मुगाएवढा काळा डाग होता. पंख नीट होता, पिसंसुद्धा जळलेली नव्हती. त्यानं त्या डागावरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाला, “चार दिवसांनी ये. येताना कापायचं सामान घेऊन ये.”

मी माणसांची परिचारिका. पक्ष्याचा पंख कसा कापतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. बिहीनं एका हातानं पक्षी धरला, केल्तूमनं डोक्यावर काळं फडकं घातलं, आणि मी मांस जिथं राखाडी पडलं होतं तिथून कापलं. पण मी कमी कापलं. बाराव्या दिवशी ते गरुड मेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बिही घराबाहेर पडला आणि विजेच्या लाइनीखालून चालत सुटला.

आमच्याकडे मोठं झाड असं नाहीच. अर्गान ठेंगणं, काट्यांचं. मैलोन् मैल उंच उभं असतं ते एकच, लोखंडी जाळीचे खांब. गरुड बसणार तिथंच. आडव्या पट्टीवर पाय टेकले आणि उडताना पंख तारेला लागला की संपलं. कुठल्या खांबावर तार चिनी मातीच्या कपांवरून डोक्यापाशी घेतली आहे, कुठल्यावर खालून, म्हणजे कुठला खांब पक्षी मारतो, हे बिहीला पाठ होतं. त्यातले कितीतरी त्यानंच उभे केले होते. त्या पहिल्या फेरीत त्याला एकोणीस मेलेले पक्षी सापडले. गरुड, घारी, एक घुबड. काहींना डोकी नव्हती.

डोकी कुठं जातात ते सगळ्यांना माहीत होतं. शनिवारच्या बाजारात जडीबुटी विकणारा अत्तार बसायचा. त्याच्या दोरीवर वाळलेले सरडे आणि साळिंदराचे काटे यांच्या शेजारी गरुडाची डोकी टांगलेली असायची. नजर लागू नये म्हणून, मूल व्हावं म्हणून, कोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागावा म्हणून. मेंढपाळ खांबाखालून उचलून त्याला नेऊन द्यायचे. बेलईद त्यांच्यातला एक.

बेलईद चाळिशीचा, दोनशे शेळ्यांचा धनी, आणि गावातला सगळ्यात तिखट जिभेचा माणूस. जखमी पक्ष्यांसाठी बिहीची खोपटी उभी राहिली, तीत चार पक्षी आले, कोंबडीवाल्यांकडून मुंडकी आणि पाय गोळा करत बिही बाजारात हिंडू लागला, तेव्हा बेलईद भर बाजारात ओरडायचा, “अहो, एका हाताचा नवरा आणि एका पंखाची बायको! केल्तूमनं जायचं कुठं?”

एका पंखाची ती गरुडी खरंच होती. माझ्या हातून जगलेली पहिली. बिही तिला नाव देत नव्हता, पण शाळेतल्या पोरांनी ‘लल्ला’, म्हणजे बाईसाहेब, असं ठेवलं. मग गावात दोन लल्ला झाल्या. ‘कुठली लल्ला, सुई टोचणारी की चोच मारणारी?’ असं लोक विचारायचे.

बिही तिला शाळांमधून नेऊ लागला. कापून उरलेल्या डाव्या हातावर केल्तूमनं शिवलेली जाड चामड्याची बाही चढवायचा आणि लल्लाला थेट त्या थोट्यावर बसवायचा. पोरं आधी थोट्याकडं बघायची, मग गरुडीकडं, मग पुन्हा थोट्याकडं. तो बोलायचा थोडंच. म्हणायचा, “ही वर्षाला शेकड्यानं उंदीर अन् ससे खाते. तुमच्या बापाचं जव वाचवते. शेळीचं पिल्लू हिला उचलत नाही, मी वजन करून बघितलंय. अशी एखादी खांबाखाली पडलेली दिसली तर डोक्यावर कापड टाका, पंख मिटवा, आणि लगेच माझ्याकडं आणा. लगेच. एका तासाच्या उशिरानं पक्षी मरतो.” खांबाला हात लावू नका, हेही तो शेवटी सांगायचा. मी ऐकलंय. पण शेवटी सांगायचा, आणि तोवर पोरं लल्लाला हात लावायला रांगेत उभी असायची.

कंपनीला त्यानं पत्रं लिहिली. कुठल्या खांबाच्या तारेला रबरी वेष्टण चढवायचं, कुठं बसायला वेगळी पट्टी लावायची, चित्रं काढून. उत्तर यायचं की नोंद घेतली आहे. त्याचा जुना सोबती मासूद वीजकेंद्रात होता, तो म्हणायचा, “बिही, नोंद घेतली म्हणजे फाइल जाड झाली. आणखी काही झालं नाही.” अकरा वर्षांत बिहीनं दोन पक्षी परत आकाशात सोडले. दोनच. बाकी मेले, नाहीतर खोपटीत राहिले.

पण लोक मात्र हळूहळू आणू लागले. अत्तारच्या दोरीवरची डोकी कमी झाली. एका वसंतात बेलईदसुद्धा दारात उभा राहिला, काखेत गोणपाटात गुंडाळलेली घार घेऊन.

“घे बाबा,” तो म्हणाला. “माझ्या पोरीनं शाळेत तुझं काय ऐकलंय देव जाणे. ही तुझ्याकडं आणली नसती तर तिनं मला घरात घेतलं नसतं.”

“बस, चहा घे,” बिही म्हणाला.

“तुझ्याकडच्या चहात पिसं असतात,” असं म्हणून तो गेला. पुढच्याच शनिवारी तो अत्तारच्या दुकानाशी उकिडवा बसलेला मी पाहिला. काय देत होता की नुसत्या गप्पा मारत होता, मला दिसलं नाही. पुढं पोलिसांनी मला हेच विचारलं आणि मी हेच सांगितलं.

ते ऑक्टोबरातलं. दोन दिवस वारा सुटलेला. दुपारनंतरची अस्रची अजान झाली आणि दवाखान्यात बेलईदच्या धाकट्या भावाचा, याह्याचा फोन आला. तो नुसता ओरडत होता. “बेलईद खांबावर आहे, बेलईद खांबावर आहे.” मी त्याच्याकडून खांबाचा नंबर काढून घेतला, गाडीवाल्याला घेतलं, वाटेत बिहीला उचललं. बिहीनं गाडीतूनच मासूदला फोन लावला. “एकशे अठ्ठ्याऐंशी. माणूस आहे वर. लाइन बंद कर, आणि बंद केलीस की मला तुझ्या तोंडानं सांग. दुसऱ्या कुणाच्या नाही.”

आम्ही पोचलो तेव्हा बेलईद आडव्या पट्टीवर पोटावर लोंबत होता. डोकं खाली, दोन्ही हात खाली. त्याची एक पिवळी चप्पल खांबाच्या पायथ्याशी पडली होती, शेजारी त्याची गोणी. वर, बेलईदपासून हातभर अंतरावर एक कोवळं गरुड, पहिल्या वर्षाचं, एका पायानं पट्टीत अडकून उलटं टांगलेलं. तेही मेलेलं. याह्यानं सांगितलं की ते तासभर फडफडत होतं, शेळ्या बिथरत होत्या, आणि बेलईद म्हणाला की मी वर जाऊन येतो.

एवढं सांगून याह्यानं खांबाला हात घातला.

बिहीनं त्याला मागून कमरेला मिठी मारली आणि त्याच्यासकट खाली बसला. एका हाताची मिठी ती, म्हणून त्यानं दोन्ही पायांचा वेढा घातला. याह्या पंचविशीचा, रेड्यासारखा दांडगा. त्यानं कोपरं मारली, डोकं मागं आपटलं, बिहीचं नाक फुटलं. थोट्यावर तर तो मुठीनं मारत होता, मुद्दाम, जिथं दुखेल तिथं.

“सोड! पंप बंद पडलाय, ऐक, पंप बंद आहे! तार मेली आहे!”

खरंच, समोरच्या मळ्यातला, याच लाइनीवर चालणारा विहिरीवरचा पंप गप्प होता.

“ती मेलेली नसते,” बिही त्याच्या कानाशी म्हणाला. “खटका पडला की वीज जाते, आणि आपोआप परत येते. ती परत येते, पोरा.”

“तो हलतोय! बघ ना, लल्ला तामू, तू बघ! माझा भाऊ हलतोय!”

मी वर बघितलं. वाऱ्यानं बेलईदच्या झग्याच्या बाह्या हलत होत्या. बोटं हलत होती की नाही? बावीस वर्षांच्या नोकरीत मी किती मेलेली माणसं पाहिली आहेत, तरी खालून मला सांगता येईना. मी म्हटलं, “वारा आहे, याह्या.” माझा आवाज मलाच खोटा वाटला.

तेवढ्यात मळ्यातला पंप सुरू झाला. आधी गचका, मग ती नेहमीची घरघर. वर पट्टीपाशी एक बारीक चर्र आवाज झाला आणि जळल्याचा वास आला. याह्याचं अंग एकदम सैल पडलं. बिहीनं पकड सोडली नाही.

चाळीस मिनिटांनी मासूदचा फोन आला की लाइन बंद केली. तरी बिहीनं कुणाला चढू दिलं नाही. कंपनीची माणसं आली, त्यांनी तार जमिनीला जोडली, मग वर गेली. बेलईदला दोरानं खाली सोडलं तेव्हा सूर्य टेकडीला लागला होता. मी छातीला कान लावला, डोळे बघितले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, की तो पहिल्याच क्षणाला गेला होता. मी तसं लिहून सही केली आहे. तेच खरं असावं.

गावाला दोन गोष्टी मिळाल्या. एक, बिहीनं त्याला मारलं, पक्ष्यांच्या नादी लावून. दुसरी, बेलईद चोरी करायला चढला, जिवंत गरुडाचं डोकं अत्तारकडं जास्त चालतं म्हणून. दोन्ही गोष्टी एकाच चहाच्या टपरीवर, कधीकधी एकाच तोंडून. पोलिसांनी गोणी उलटी करून पाहिली. आत सुरी, दोरी, खजूर आणि एक काळं फडकं. सुरी कुठल्या मेंढपाळाकडं नसते? आणि काळं फडकं कशालाही असतं. कंपनीचं पत्र आलं, मयत इसम विनापरवाना चढला. शिवाय बिहीनं लोकांना असं काही शिकवू नये. शाळेच्या मुख्याध्यापकांनी निरोप धाडला की सध्या नको.

आणि महिन्याच्या आत एकशे अठ्ठ्याऐंशीवर आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या तीन तीन खांबांवर रबरी वेष्टण चढलं. बिहीनं अकरा वर्षांपूर्वी काढून दिलेल्या चित्राप्रमाणे, तंतोतंत.

मी ते सांगायला गेले तेव्हा तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला होता. “सात खांब,” एवढंच म्हणाला. पक्ष्यांना केल्तूम मुंडकी कापून घालत होती. मला म्हणाली, “त्याला म्हटलं, तू जेवू नकोस, पण त्यांचं काय चुकलं? तर म्हणतो, एकेकाला सोडून दे बाहेर. एका पंखानं कुठं जातील? कोल्ह्याच्या तोंडात.”

चाळिसाव्याची कुराणपठणं झाली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी बेलईदची बायको रकिया बिहीच्या दारात आली. पांढऱ्या सुतकी कपड्यांत. मी खोपटीत एका घारीचं ड्रेसिंग करत होते. केल्तूमनं पाट सरकवला, रकिया बसली नाही.

“बिही, मी तुला माफ करायला आलेली नाही,” ती म्हणाली.

“नको करूस,” बिही म्हणाला.

“माझ्या पोरीला शाळेत चोराची पोर म्हणतात. रोज. मला लिहिता येत नाही, चारचौघांत बोलता येत नाही. तुला येतं. शाळेत जा आणि सांग, माझा नवरा पक्षी वाचवायला चढला.”

बिही अंथरुणावर उठून बसला. मग म्हणाला, “रकिया, तो कशाला चढला ते मला माहीत नाही.”

केल्तूमनं कपाळावर हात मारला. मीही मनात म्हटलं, अरे, एक शब्द दे ना तिला, तुझं काय जातं?

रकिया मात्र भडकली नाही. “मला तरी कुठं माहीत आहे,” ती म्हणाली. “सकाळी निघताना काही बोलला नाही. पण पोरीला हे कसं सांगू?”

मुख्याध्यापकांकडं ती स्वतः गेली. विधवेला नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. बिही लल्लाला न घेता गेला. बाही नाही, काही नाही. वर्गात उभं राहून त्यानं सदऱ्याची अस्तनी वर केली आणि नागडं थोटं पोरांना दाखवलं, त्यावरचे टाक्यांचे व्रण, ती चकचकीत कातडी. इतक्या वर्षांत त्यानं ते असं उघडं कुणाला दाखवलं नव्हतं. रकिया मागच्या बाकाशी माझ्या शेजारी उभी, तिची नऊ वर्षांची मुलगी पहिल्या रांगेत.

“बेलईद गरुडाला खाली आणायला खांबावर चढला,” बिही म्हणाला. “एवढं मला माहीत आहे. मी तुम्हाला दर वेळी सांगितलं, लवकर आणा, लगेच आणा. ते त्याच्या घरी पोचलं होतं, हेही मला माहीत आहे, कारण एकदा त्यानं मला घार आणून दिली होती. खांबाचं मी शेवटी सांगायचो. ते आधी सांगायला हवं होतं. ती चूक माझी. त्याला कुणी चोर म्हणायचं असेल, तर आधी मला येऊन म्हणा.”

एका मुलानं हात वर केला. “आता पक्षी वर अडकलेला दिसला तर काय करायचं, बिहीकाका?”

“मोठ्या माणसाला सांगायचं. मला फोन करायचा. खांबापासून वीस पावलं लांब उभं राहायचं. कुणाला चढू द्यायचं नाही.”

“आणि तुम्ही येईपर्यंत तो मेला तर?”

बिहीनं अस्तनी खाली ओढली.

“मरू द्यायचा,” तो म्हणाला.

मुख्याध्यापकांनी चहा मागवला होता. रकिया तो न घेताच मुलीचा हात धरून निघून गेली. काही महिन्यांनी तिनं शेळ्या विकल्या आणि ती तिझनीत गावी भावाकडं राहायला गेली. याह्या अजून इथंच आहे. बिही समोरून आला की तो रस्ता ओलांडतो. मला एकदा दवाखान्यात म्हणाला, “त्यानं मला धरलं नसतं तर मी मेलो असतो, कळतं मला. पण मला तो वर हलताना दिसतो, लल्ला. रोज दिसतो.” मी त्याला झोपेच्या गोळ्या दिल्या. माझ्याकडं दुसरं काय होतं?

त्या दिवशी शाळेतून परतताना बिही माझ्याबरोबर चालत होता. नदीच्या कोरड्या पात्रापाशी थांबून म्हणाला, “तिला पाहिजे होतं ते मी बोललो नाही.”

“नाही बोललास.”

“बोलायला हवं होतं?”

त्यानं वळून लाइनीकडं पाहिलं. वेष्टण नसलेल्या दोनशे तीन नंबरच्या खांबावर काहीतरी बसलं होतं, इतक्या लांबून घार की गरुड ते कळत नव्हतं. त्यानं दगड उचलला आणि त्या दिशेनं भिरकावला. दगड कुठला पोचणार तिथवर! त्यानं दुसरा उचलला, मग तिसरा, आणि घसा फुटेस्तोवर ओरडत तो त्या खांबाकडं धावत सुटला.